तारीख मंगळवारची, गाडी कुठली?

दोस्तांनो, हे वाचून झालं की घरात एक कागद शोधायचा. आजी-आजोबांच्या उशाखाली, देव्हाऱ्याच्या मागे, नाहीतर कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तो सापडेल. घड्या पडून पडून मधोमध फाटायला आलेला, एखाद्या कोपऱ्याला हळदीचं बोट लागलेला. त्याला म्हणतात केसपेपर. डॉक्टरांचं अक्षर लावायच्या भानगडीत पडू नका, ते भल्याभल्यांना लागत नाही! फक्त अगदी खालची ओळ बघा. 'पुन्हा दाखवणे' असं लिहून पुढे एक तारीख टाकलेली असेल.

आता मला सांगा, त्या तारखेला तो माणूस दवाखान्यात पोचतो का?

शहरातली मंडळी म्हणतील, हा काय प्रश्न झाला? रिक्षाला हात केला की पोचला. पण तुमच्यातले कितीतरी जण वाडीवस्तीवर राहतात. जे शहरात राहतात, त्यांचेही आजी-आजोबा बऱ्याचदा गावीच असतात. केसपेपरवर गोळ्यांची नावं असतात, पथ्य असतं, तारीख असते. यायचं कसं, ते मात्र कुणी लिहून देत नाही. ते ज्याचं त्याने बघायचं. आणि ते जमलं नाही म्हणून किती तारखा चुकतात, हे एकदा आपल्या आळीत विचारून बघा.

तुमच्यातला एखादा हुशार लगेच बोट वर करील, "काका, १०८ ला फोन करायचा!"

शाबास. १०८ माहीत आहे, हे चांगलंच आहे. हा क्रमांक २००५ साली आंध्र प्रदेशात, हैदराबादेत सुरू झाला. आपल्या महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ पासून ही सेवा आली, तेव्हा ९३७ रुग्णवाहिका रस्त्यावर उतरल्या. अपघात झाला, छातीत कळ आली, साप चावला, तर १०८ फिरवायचा. पैसे पडत नाहीत. दुसरा क्रमांक १०२. बाळंतपणासाठी आईला दवाखान्यात न्यायचं आणि नंतर तिला न् बाळाला घरी आणून सोडायचं, हे काम १०२ ची गाडी करते. २०११ पासून तो प्रत्येक आईचा हक्कच झाला आहे. दोन्ही क्रमांक पाठ पाहिजेत.

पण मंगळवारच्या तारखेला काय? आजोबा आज ठणठणीत बसून चहा पितायत. त्यांच्यासाठी १०८ येणार नाही, आणि येऊही नये, कारण ती गाडी त्याच वेळी कुणाच्या तरी जिवासाठी धावत असेल. आजोबांना आज काही झालेलं नाही. काही होऊ नये म्हणूनच तर त्यांना मंगळवारी जायचं आहे! पडल्यावर न्यायला गाडी आहे, पडू नये म्हणून न्यायला नाही. ग्रामीण भागातल्या आजारपणाची निम्मी गोम इथे आहे, असं मला वाटतं.

चला, एक गणित करू. घाबरू नका, बेरीज-वजाबाकीच आहे.

समजा, एका वाडीतल्या आजोबांचे दोन्ही मूत्रपिंड निकामी झाले आहेत. मूत्रपिंड म्हणजे आपल्या शरीरातली गाळणी. रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी ती बाहेर काढते. ती बंद पडली की हे काम यंत्राकडून करून घ्यावं लागतं. त्याला म्हणतात डायलिसिस. एका वेळेला साधारण चार तास लागतात, आणि आठवड्यातून दोन-तीनदा ते करावंच लागतं. 'आज कंटाळा आला, पुढच्या आठवड्यात बघू' असं म्हणायची सोय नाही. अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, धाप लागते. २०१६ साली पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, त्यामुळे गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयात डायलिसिस मोफत मिळू लागलं. फार मोठं काम झालं ते. पण यंत्र जिल्ह्याला आणि आजोबा वाडीवर!

वाडीपासून फाटा तीन किलोमीटर. फाट्यापासून तालुका बावीस. तालुक्यापासून जिल्हा साठ. झाले पंच्याऐंशी. जाऊन-येऊन १७०. आठवड्यातून दोनदा म्हणजे ३४०. चार आठवड्यांचे १३६० किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला रेल्वेने जायला साधारण १३८० किलोमीटर पडतात. म्हणजे हे आजोबा दर महिन्याला मुंबईहून दिल्लीएवढा प्रवास करतात, तोही खडखडणाऱ्या रस्त्याने, दुखऱ्या हाताने. दिल्लीला जाणाऱ्याला आपण हार घालून निरोप देतो. यांना मात्र कंडक्टर म्हणतो, "चला, पुढे सरका!"

हे झालं अंतराचं. आता वेळेचं गणित. हे जास्त अवघड आहे, आणि ते सोडवायला तुमच्यासारखी शाळेत जाणारी पोरंच पाहिजेत.

यंत्रावर आजोबांचा नंबर अकराला लागतो. अकरा ते तीन डायलिसिस. मग सुई काढायची, तिथे बोट दाबून धरायचं, वजन बघायचं, रक्तदाब बघायचा. बाहेर पडेपर्यंत साडेतीन. स्टँडवर यायला पाव तास. पावणेचारची एसटी मिळाली तर तालुक्याला पावणेसहा. आणि तालुक्याहून गावाकडे येणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते? साडेपाचला!

पंधरा मिनिटं. एवढ्या पंधरा मिनिटांसाठी आजोबा आणि त्यांच्याबरोबर आलेला मुलगा स्टँडच्या बाकड्यावर रात्र काढतात, नाहीतर जीप ठरवून येतात. जीपवाला काही धर्मादाय करायला बसलेला नाही, तो पूर्ण गाडीचे पैसे मागणारच. शिवाय मुलाचा दिवसाचा रोज बुडाला तो वेगळाच. महिनाभर असं झालं की घरात कुणी उघड बोलत नाही, पण आजोबाच म्हणू लागतात, "या खेपेला राहू दे रे, मला बरं वाटतंय." त्यांना बरं वाटत नसतं. त्यांनी हिशोब केलेला असतो.

आता बघा हं. सकाळी आजोबा येतात ते पहाटे सहाच्या गाडीने. तालुक्याला पावणेसात, तिथून सव्वासातची गाडी धरून जिल्ह्याला सव्वानऊ. म्हणजे साडेनवालाच ते दवाखान्याच्या दारात हजर असतात. यंत्रावरची पहिली पाळी साडेदहाला सुटते. मग अकरापर्यंत ते बाकावर बसून का राहतात? कारण कुणी विचारलंच नाही. "सिस्टर, आमची शेवटची गाडी साडेपाचची आहे हो. दुसऱ्या पाळीत आजोबांना पहिलं लावाल का?" एवढं एकच वाक्य. साडेदहाला लावलं की अडीचला संपतं. तीनला बाहेर, सव्वातीनची एसटी, सव्वापाचला तालुका. आता पंधरा मिनिटं हातात उरली!

सिस्टर दर वेळेला हो म्हणतील असं नाही. त्यांच्यासमोर आणखी दहा जण असतात, त्यातला एखादा जास्त आजारी असतो. पण आपली गाडी कितीची आहे, हे आपण सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार? जायची गाडी सगळे बघून ठेवतात. यायची गाडी तिथे गेल्यावर आठवते. म्हणून हे गणित नेहमी शेवटाकडून मांडायचं. आधी शेवटची गाडी, मग मागे मागे यायचं. शाळेत तुम्ही उलटी उजळणी म्हणता ना, तशी.

पहाटे सहाच्या गाडीचा वर उल्लेख आला. ती कुठून आली, सांगा बरं? ती आदल्या रात्रीच गावात येऊन थांबली होती. मुक्कामाची गाडी! शहरातल्या मुलांना हे ठाऊक नसेल. रात्री शेवटची फेरी करून एसटी गावातच थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीत, देवळात नाहीतर ग्रामपंचायतीत पाठ टेकतात आणि उजाडायच्या आत गाडी सोडतात. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, अशी पहिली एसटी धावली, तेव्हापासून या लाल गाडीने गावाला काय काय दिलं, याची यादी करायला बसलो तर अंक पुरायचा नाही. पण आजारी माणसाला विचाराल, तर तो मुक्कामाच्या गाडीचंच नाव घेईल. सरकारी दवाखान्यात केसपेपर सकाळीच निघतो. सकाळी आठची गाडी धरून जो जाईल, त्याच्या नशिबी दुपारी बंद खिडकी.

आणि आता तुमच्याशी संबंध असलेली गोष्ट सांगतो. ज्या गाडीने तुम्ही शाळेत जाता, तिलाच कितीतरी गावांत 'शाळेची फेरी' म्हणतात. मे महिना आला, शाळा बंद झाली, की पुष्कळदा ती फेरीही बंद होते. तुम्ही आंबे खात बसता. पण त्याच गाडीच्या पुढच्या बाकावर एक आजी बसायच्या, आठवतंय? हातात कापडी पिशवी, पिशवीत केसपेपर. त्यांची तारीख मे महिन्यातही असते हो! आषाढीला पंढरपूरसाठी, गणपतीला कोकणासाठी जादा गाड्या सोडतात, तेव्हाही आडगावच्या काही फेऱ्या रद्द होतात. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीला एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. कामगारांच्या मागण्या खऱ्या होत्या, आणि फाट्यावर ताटकळणाऱ्या पेशंटची अडचणही खरी होती. दोन्ही खरं असू शकतं.

एसटी नसली तर मग काय? मग वडाप. सातारा-सांगलीकडे वडाप म्हणतात, मराठवाड्यात, विदर्भात काळीपिवळी. भरली की सुटते, आणि भरते म्हणजे किती भरते हे मी सांगायला नको! आजारी माणसाला मागच्या फळीवर लोंबकळत नेणं काही खरं नाही. पण हीच जीप सात-आठ जणांनी मिळून ठरवली तर प्रत्येकाला जवळजवळ एसटीएवढंच भाडं पडतं, आणि बसायलाही नीट मिळतं. अडचण एकच, सगळ्यांची तारीख एक पाहिजे.

ती एक करता येते का? काही वेळा येते. एक उदाहरण तर तयारच आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी होते. तुमच्या गावात अशा चार जणी असतील, तर चौघींची तारीख एकच! मग चार वेगवेगळ्या दिवशी चार जणी चार गाड्यांच्या मागे का धावतील? आशाताईंना या सगळ्या जणी माहीत असतात. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या पेशंटचंही असंच. तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगून एका वाडीच्या पाच-सहा जणांना एकच वार मागून घेता येतो. बाजाराचा वार असला तर उत्तम, त्या दिवशी गाड्या जास्त असतात.

आता जरा लांबची गोष्ट सांगतो, तामिळनाडूतल्या मदुराईची. ती सांगायचं कारण असं, की आपण आत्तापर्यंत पेशंटने गाडी शोधायची असं धरून चाललो. तिथल्या एका डॉक्टरांनी ते उलटं केलं.

डॉक्टर गोविंदप्पा वेंकटस्वामी डोळ्यांचे सर्जन होते. तरुणपणी संधिवाताने त्यांच्या हाताची बोटं वाकडी झाली होती. त्या वाकड्या बोटांनी सुरी धरायला ते शिकले आणि त्यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणूस काय करतो? आरामखुर्ची घेतो. यांनी १९७६ साली मदुराईत अकरा खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. मोतीबिंदूने आंधळे झालेले गोरगरीब खेड्याखेड्यांत होते. डॉक्टरांची माणसं गावात जायची, शिबिर भरवायची, डोळे तपासायची. शस्त्रक्रिया फुकट करू, असंही सांगायची. तरी पुष्कळ लोक यायचेच नाहीत.

का बरं? फुकट तर फुकट, वर पुन्हा दिसायला लागणार! पण विचार करा. ज्याला दिसत नाही, त्याने एकट्याने शहरात जायचं कसं? बरोबर कुणीतरी पाहिजे. म्हणजे दोघांचं भाडं, दोघांच्या जेवणाचा खर्च, आणि बरोबर येणाऱ्याची मजुरी बुडणार. फुकट शस्त्रक्रियेला इतके पैसे लागत होते! मग रुग्णालयाने काय केलं? शिबिराच्या गावातच बस उभी केली. ज्यांची शस्त्रक्रिया करायची, त्यांना त्याच दिवशी बसमध्ये बसवून मदुराईला न्यायचं, राहायला-जेवायला द्यायचं आणि शस्त्रक्रिया झाली की परत आणून सोडायचं. बसमध्ये सगळे आपल्याच भागातले. भीती कमी झाली. जाताना शेजाऱ्याचा हात धरून चढलेली माणसं परत येताना स्वतः उतरू लागली. डॉक्टर वेंकटस्वामी २००६ साली गेले. रुग्णालय आज जगात नावाजलं जातं. लोक त्याच्या शस्त्रक्रियांचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. मला मात्र त्या बसचंही कौतुक वाटतं. आपल्याकडेही डोळ्यांच्या शिबिरातून पेशंटला नेऊन आणणाऱ्या संस्था आहेत. शिबिराची जाहिरात फळ्यावर लागली की, "न्यायला-आणायला गाडी आहे का?" हे विचारायला लाजू नका.

सगळीकडे बस येत नाही, हेही खरं. पश्चिम बंगालात जलपायगुडी जिल्ह्यात धलाबाडी नावाचं गाव आहे. तिथले करीमुल हक चहाच्या मळ्यात काम करायचे. १९९५ साली रात्री त्यांची आई आजारी पडली. दारोदार फिरूनही गाडी मिळाली नाही आणि आई गेली. पुढे एकदा मळ्यातला सोबती काम करताना कोसळला, तेव्हा करीमुल यांनी त्याला मोटारसायकलवर बसवून आपल्या पाठीशी बांधलं आणि थेट दवाखाना गाठला. तो वाचला. तेव्हापासून ते आजूबाजूच्या गावांतल्या पेशंटना मोटारसायकलवरून विनामूल्य नेऊ लागले. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गावच्या रस्त्यावर जिथे मोठी गाडी शिरत नाही, तिथे मोटारसायकल शिरते, हे पुढे सरकारांनाही पटलं.

गया जिल्ह्यातल्या दशरथ मांझींची गोष्ट तर तुम्हाला माहीतच असेल. १९६० ते १९८२ अशी बावीस वर्षं छिन्नी-हातोड्याने डोंगर फोडून त्यांनी दवाखान्याची वाट जवळ केली. थोर माणूस! पण माझं म्हणाल तर, अशा गोष्टी ऐकून आपण टाळ्या वाजवतो आणि आपल्या गावची सकाळची फेरी बंद झालेली असते तिकडे बघत नाही. डोंगर प्रत्येक गावात नसतो, फेरी असते.

आणि जिथे रस्ताच बुडतो तिथे? आपल्या गडचिरोली जिल्ह्यात भामरागड आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि भामरागडचा संबंध तुटतो. जवळच हेमलकशाला डॉक्टर प्रकाश आमटे आणि डॉक्टर मंदाकिनी आमटे १९७३ साली जाऊन राहिले, तेव्हा तर माणसं जंगलातून दिवस दिवस चालत यायची, पेशंटला खाटेवर घालून आणायची. आजही काही पाड्यांवरून बांबूला झोळी बांधून पेशंट खांद्यावर आणावा लागतो, मग ती झोळी गाडीच्या रस्त्याला लागते. अशा ठिकाणी एक शहाणपणाची युक्ती निघाली. गाडी पाण्यातून जाऊ शकत नाही ना, मग बाईलाच पूर यायच्या आत दवाखान्याजवळ आणून ठेवायचं. आदिवासी भागात आरोग्य केंद्राच्या आवारात 'माहेरघर' असतं. दिवस भरत आलेली बाई तिथे आधीच येऊन राहते, बरोबर घरचं एखादं माणूस, लहान मूल असलं तर तेही. नाव किती छान दिलंय बघा. दवाखान्यात जा म्हटलं तर बाई दहादा विचार करील, माहेरी जायला कोण नाही म्हणेल?

आणखी एक गोष्ट राहिलीच. काही वेळा जायची गरजच नसते! २०१९ पासून 'ई-संजीवनी' सुरू झाली. गावच्या उपकेंद्रात बसून, तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या मदतीने पडद्यावरून लांबच्या डॉक्टरांशी बोलता येतं. नुसता रिपोर्ट दाखवायचा असेल, गोळ्या पुढे चालू ठेवायच्या का एवढंच विचारायचं असेल, तर १७० किलोमीटरची फेरी वाचू शकते. डॉक्टरांना आधी विचारून घ्यायचं, की पुढची तारीख इथून चालेल का. डायलिसिस मात्र पडद्यावरून होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

आई-बाबांनो, हा एवढा भाग तुमच्यासाठी. एसटीत ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं. हे बहुतेकांना माहीत झालंय. पण काही गंभीर आजारांच्या रुग्णांनाही एसटीत सवलत असते, ती पुष्कळांना माहीत नसते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. कुठल्या आजाराला किती सवलत, ते आगारात विचारा. कर्करोगाच्या रुग्णाला उपचाराला जाताना रेल्वेतही मोठी सवलत आहे, बरोबरच्या एका माणसालाही आहे, तिचा छापील नमुना रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो. मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्यांनी दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा लक्षात ठेवावी. बाहेरगावच्या कितीतरी कर्करोगाच्या रुग्णांनी तिथे मुक्काम केला आहे. दाखला मागायला संकोच करू नका. पहिल्याच तारखेला मागितला तर पुढच्या साऱ्या खेपांना उपयोगी पडतो.

मुलांनो, आता तुमचं काम. एक शंभर पानी वही घ्या आणि तिला नाव द्या 'गाडीवही'. फाट्यावरून कुठली एसटी किती वाजता जाते, किती वाजता परत येते, मुक्कामाची कुठली, शाळेला सुट्टी लागली की कुठली बंद होते, हे लिहून काढा. वेळापत्रक आगारात मिळेल, पण खरी वेळ फाट्यावरच्या चहावाल्यालाच माहीत असते, तेव्हा त्याला विचारा! मग गावात जीप कुणाकुणाकडे आहे, दवाखान्यासाठी रात्री कोण काढील, त्यांचे फोन त्यांना विचारून लिहा. आशाताईंचा क्रमांक, १०२, १०८. दवाखान्यात कुठल्या वारी कुठले डॉक्टर बसतात, तेही. डोळ्यांचे डॉक्टर गुरुवारी बसत असतील आणि आजी बुधवारी जाऊन हात हलवत परत आली, असं किती वेळा होतं!

एक मात्र कडक नियम. कुणाला काय आजार आहे, ते वहीत लिहायचं नाही आणि चावडीवर बोलायचं तर मुळीच नाही. क्षयरोगाचं औषध निदान सहा महिने न चुकता घ्यावं लागतं आणि घेतलं की माणूस बरा होतो, पण लोक नावं ठेवतील या भीतीने पुष्कळ जण तालुक्याच्या गाडीतही लपूनछपून बसतात. तुमच्या वहीमुळे कुणावर ती वेळ येऊ नये. आणि दुसरं, वाहन काढायचं ते मोठ्यांनी. 'आजीला मी स्कूटरवर सोडून येतो' असला शूरपणा नको.

सुट्टीत फेरी बंद होते ना? मराठीच्या तासाला तुम्ही अर्जलेखन करता. दर वर्षी तेच, 'पुस्तके मागवण्याबाबत'. यंदा बाईंना विचारून खरा अर्ज लिहा. "मा. आगार व्यवस्थापक यांस. विषय : उन्हाळी सुट्टीत सकाळची फेरी चालू ठेवण्याबाबत. महोदय, आमच्या गावातून मंगळवारी व शुक्रवारी इतके रुग्ण जिल्हा रुग्णालयात जातात. शाळेला सुट्टी असली तरी त्यांना सुट्टी नसते. रोज शक्य नसल्यास या दोन दिवशी तरी फेरी सोडावी, ही विनंती." नावं नकोत, फक्त आकडा. सरपंचांना दाखवा, ग्रामपंचायतीचा ठराव जोडून घ्या आणि पोच घ्यायला विसरू नका. अर्ज मार्च महिन्यातच द्यायचा, सुट्टी लागल्यावर नाही. उत्तर नाही आलं तर दुसरा लिहायचा. तेवढाच अक्षराचा सराव!

गाडीवही दप्तरात ठेवून उपयोग नाही. तिला भोक पाडून दोरी ओवा आणि फाट्यावरच्या चहाच्या टपरीत खिळ्याला अडकवा, पावसात भिजणार नाही अशी. गाडीची वेळ बदलली की जुनी खोडायची, नवी लिहायची आणि बाजूला तारीख टाकायची. हे काम दर पंधरा दिवसांनी पाळीपाळीने करायचं. पहिली पाळी कुणाची, ते आजच ठरवून टाका.